हमालाच्या नावाची बिअर: लंडनची पोर्टर, बोरघाट आणि ओट्यावरचे यंत्र

१/ लोणावळा स्थानकाच्या फलाटावर लाल सदरा घातलेला, दंडावर पितळी बिल्ला बांधलेला हमाल आपण पाहिला असेल. इंग्रजीत त्यास 'पोर्टर' म्हणतात. तीनशे वर्षांपूर्वी लंडनच्या रस्त्यांवर असेच बिल्ले लावून ओझी वाहणारे पोर्टर होते. त्यांना आवडणाऱ्या काळसर बिअरला लोकांनी त्यांचेच नाव दिले. हीच बिअर आज घरच्या ओट्यावर ठेवलेले एक स्वयंचलित यंत्र तयार करू शकते. या बिल्ल्यापासून त्या यंत्रापर्यंतची वाट मावळातल्या बोरघाटातून जाते. आजचा धागा त्या वाटेविषयी.

२/ प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. जर्मनीतील श्पायडेल कंपनीचे 'ब्राउमाइस्टर', न्यूझीलंडचे 'ग्रेनफादर' आणि अमेरिकेतील सिॲटलच्या 'पिकोब्रू' कंपनीचे 'झायमॅटिक' ही या प्रकारातील गाजलेली नावे. आकार लहानमोठे, पण रचना सारखीच: स्टीलचे पातेले, विजेवर तापणारी कॉइल, एक छोटा पंप, तापमान टिपणारा सेन्सर आणि या सर्वांस हुकूम सोडणारा छोटा संगणक. पाककृती निवडावी, धान्य घालावे, कळ दाबावी. पुढचे बरेचसे काम यंत्र करते.

३/ आत घडते ते असे. जवाला मोड आणून, वाळवून, भाजले की त्याचे माल्ट होते. आपल्या घरी नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, त्यामागचे तत्त्व हेच. मोड येताना धान्यात विकरे, म्हणजे एन्झाइम, निर्माण होतात आणि ती पिष्टाची साखर करतात. ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला त्यांपैकी एक विकर जोमात असते, ७० अंशांच्या पुढे दुसरे. ७८ अंशांच्या आसपास दोघांचेही काम मंदावते. यंत्राचा पंप गरम पाणी दाण्यांतून सतत फिरवतो आणि संगणक या पायऱ्या एकामागून एक चढवत नेतो.

४/ मग दाण्यांची टोपली उचलून काढतात. उरलेला गोड रस तासभर उकळतात आणि त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालतात. रस थंड झाला की यीस्ट मिसळून १८ ते २० अंशांत एक-दोन आठवडे आंबू देतात. पोर्टरसाठी बहुतेक माल्ट फिकट असते. त्यात थोडे तपकिरी, थोडे अधिक भाजलेले आणि चिमूटभर जवळजवळ कोळशासारखे काळे. मद्यार्काचे प्रमाण साधारण ५ टक्के. या खटाटोपात यंत्र तीनच गोष्टी सांभाळते: उष्णता, वेळ आणि हालचाल. चौथी गोष्ट, रसाची गोडी, करणारा स्वतः मोजतो.

५/ आता इतिहासाचा प्रश्न. हे ६५ आणि ७८ अंश कोणी ठरवले? रसाची गोडी अंकांत सांगण्याची रीत कोठून आली? पातेल्यातला पंप हाताऐवजी विजेने फिरावा, ही कल्पना कोणाची? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की आपण पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येऊन पोहोचतो: अठराव्या शतकातील लंडनचे पोर्टर बनवणारे कारखाने. जगात बिअरचे प्रकार असंख्य आहेत. परंतु बिअर बनवण्याचे काम माणसाच्या हातून यंत्राकडे सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर गेले ते पोर्टरमुळे.

६/ पोर्टर हे नाव १७२० च्या दशकात रूढ झालेले दिसते. 'राल्फ हारवुड नावाच्या एका कारागिराने १७२२ साली ही बिअर एकाएकी शोधून काढली' ही कथा पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते, पण आजचे अभ्यासक ती मानत नाहीत. लंडनमध्ये तपकिरी बिअर आधीपासूनच होती. तीत हॉप्स वाढले, ती अधिक काळ मुरवली जाऊ लागली, आणि हळूहळू तिला स्वतंत्र रूप आले. एका माणसाच्या नावावर शोध टाकणाऱ्या गोष्टी ऐकायला गोड लागतात. म्हणूनच त्या जपून ऐकाव्यात.

७/ या बिअरचे गिऱ्हाईक कोण? थेम्स नदीवरील जहाजांतून कोळसा, धान्य, मीठ उतरवणारे आणि शहरभर गाठोडी पोहोचवणारे हमाल. त्यांत 'तिकीट पोर्टर' नावाचा एक वर्ग होता. शहराने दिलेला धातूचा बिल्ला हा त्यांचा परवाना. दिवसभर पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला ही दाट, पोटभरीची बिअर म्हणजे विसावाही होता आणि आहारही. राजाच्या, सरदाराच्या किंवा गावाच्या नावाने ओळखली जाणारी पेये पुष्कळ आहेत. कष्टकऱ्याच्या नावाने ओळखले जाणारे हे विरळा उदाहरण.

८/ त्याआधी इंग्लंडात बिअर हे मुख्यतः घरचे काम होते. भाकरी भाजावी तशी ती घरोघर होत असे, आणि मध्ययुगात हे काम बहुतांशी बायकांच्या हाती होते. जास्तीची बिअर शेजारी विकून चार पैसे मिळत. पोर्टरने हे चित्र पालटले. ही बिअर महिनोनमहिने मुरवावी लागे. जितके पिंप मोठे तितकी ती स्वस्त पडे आणि टिके. म्हणजे जागा हवी, पिंपे हवीत, आणि माल विकेपर्यंत थांबण्याइतके भांडवल हवे. घरच्या चुलीला ही स्पर्धा झेपणारी नव्हती.

९/ सॅम्युएल व्हिटब्रेड याने १७५० साली लंडनच्या चिझवेल स्ट्रीटवर मोठा कारखाना उभारला. १७८५ मध्ये तेथे बोल्टन आणि वॉट यांचे वाफेचे इंजिन बसले. माल्ट दळणाऱ्या घोड्यांचे काम ते करू लागले. हे नवल पाहण्यासाठी १७८७ साली राजा तिसरा जॉर्ज आपल्या राणीसह तेथे गेला होता. ते इंजिन आजही शाबूत आहे, ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पॉवरहाउस संग्रहालयात. चाक फिरवणाऱ्या वाफेच्या इंजिनांपैकी आज जगात शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्यांत त्याची गणना होते. ओट्यावरच्या यंत्रातील पंपाचा हा पणजोबा.

१०/ दुसरी पायरी उष्णतेची. तापमापक येण्यापूर्वी कारागीर पाण्यात बोट घालून पाहत. नाहीतर उकळते पाणी निवू देत आणि वाफ ओसरून पाण्यात आपला चेहरा दिसू लागला की माल्ट घालत. पिढ्यान्पिढ्यांच्या सवयीने हे जमेही. १७६२ साली मायकेल कॉम्ब्रून याने बिअर बनवण्याच्या शास्त्रावर ग्रंथ लिहून तापमापक वापरण्याचा आग्रह धरला. जुन्या मंडळींना हा पोरखेळ वाटला. पण हजारो पिंपांचा माल एकसारखा उतरवायचा, तर कोणाच्या बोटावर विसंबणे परवडणारे नव्हते.

११/ तिसरी पायरी गोडीची. १७८४ साली हल येथील जॉन रिचर्डसन याने सॅकरोमीटर लोकांपुढे आणला. रसात तरंगणारे हे साधन: साखर जास्त, तर रस दाट आणि साधन वर, साखर कमी, तर ते खाली. आज घरी बिअर करणारा '१.०५०' असा आकडा वहीत टिपतो, तो याच कुळातला. या छोट्या साधनाने एक मोठे गुपित फोडले. पोर्टरसाठी वापरले जाणारे तपकिरी माल्ट स्वस्त होते खरे, पण त्यातून साखर फारच कमी निघत होती. फिकट माल्ट महाग असूनही हिशेबाने स्वस्त पडत होते.

१२/ कारखानदार फिकट माल्टकडे वळले. आता अडचण अशी, की फिकट माल्टची बिअर फिकट होणार आणि गिऱ्हाइकाला तर काळी पोर्टर हवी. कोणी जळकी साखर घातली, कोणी त्याहून वाईट काही. शेवटी १८१६ च्या कायद्याने बिअरमध्ये माल्ट आणि हॉप्स यांखेरीज काहीही मिसळण्यास बंदी केली. पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलर याने फिरत्या नळकांड्यात माल्ट भाजण्याचे पेटंट घेतले. कॉफी भाजावी तसे हे माल्ट. चिमूटभर घातले तरी अख्खे पिंप काळे. वर चौथ्या भागात उल्लेखलेले कोळशासारखे काळे माल्ट ते हेच.

१३/ येथे क्षणभर थांबू. इंजिनाने स्नायूंची जागा घेतली, तापमापकाने बोटाची, सॅकरोमीटरने जिभेची. तीन पिढ्यांच्या आत कारागिराचे अंगभूत ज्ञान आकड्यांत उतरले, आणि आकडे एकदा कागदावर आले की ते कोणासही विकत घेता येतात. आजचे स्वयंचलित यंत्र म्हणजे हे तीन शोध आणि एक संगणक एका पातेल्यात बसवलेले. पण ज्ञान हातातून निसटले की सत्ताही निसटते. त्याचा हिशेब पुढे येतो.

१४/ आधी या भव्यतेची किंमत पाहू. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवरील म्यू कंपनीच्या हॉर्स शू कारखान्यातील पोर्टरचे एक महाकाय पिंप फुटले. उंची सुमारे २२ फूट. आत साडेतीन हजारांहून अधिक बॅरल, म्हणजे पावणेसहा लाख लिटरांच्या आसपास बिअर. लोंढा मागच्या गरीब वस्तीत शिरला. स्त्रिया आणि मुले मिळून आठ जीव गेले. पंचांनी हे मृत्यू अपघाती ठरवले. कंपनीला वाहून गेलेल्या बिअरवर भरलेला कर परत मिळाला.

१५/ आता हिंदुस्थानाकडे वळू. 'इंडिया पेल एल' ही फिकट बिअर खास हिंदुस्थानासाठी शोधली गेली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती अर्धीमुर्धी आहे. फिकट एल मुख्यतः साहेबलोकांच्या मेजावर जाई. शिपायांच्या कॅन्टीनमध्ये मात्र पोर्टर असे, आणि ईस्ट इंडिया कंपनी आपल्या गोऱ्या पलटणींसाठी ती मोठ्या प्रमाणावर मागवी. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, महिनोनमहिने हेलकावे खात ही पिंपे मुंबई बंदरात उतरत.

१६/ नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पुढल्या वर्षी पेशवाई संपली, आणि पुणे व खडकी येथे इंग्रजांच्या छावण्या कायमच्या झाल्या. त्यांचा माल मुंबईहून खाडीमार्गे पनवेलला, तेथून खोपोलीला आणि मग बोरघाट चढून खंडाळ्याला येई. हॉग्जहेड नावाच्या एका पिंपात सुमारे २४५ लिटर बिअर मावते. पिंपासह वजन तीन क्विंटलांच्या घरात. बैलाच्या पाठीवर घालता येईल असे हे ओझे नव्हे. घाटात ते चढवायला, उतरवायला आणि घसरताना आवरायला माणसांचेच हात लागणार.

१७/ बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० मध्ये. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो १० नोव्हेंबर रोजी खुला केला. पुढे लोहमार्ग आला. १८५६ मध्ये तो खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८५८ मध्ये वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र उघडाच. ही पाच वर्षे प्रवासी पालखीतून, तट्टावरून वा गाडीतून घाट चढत आणि सामान हमालांच्या व बैलांच्या जिवावर वर येई. लंडनच्या हमालाच्या नावाची बिअर मावळातल्या हमालांच्या बळावर घाट चढत होती. ती प्यायला मात्र तिसराच कोणी वर बसलेला होता.

१८/ त्याच वेळी घाट फोडण्याचे काम सुरू होते. जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेल्या या मार्गाची लांबी सुमारे २५ किलोमीटर, चढ १,८३१ फूट, बोगदे २५. काम ऐन भरात असताना ४२ हजारांहून अधिक मजूर येथे राबत होते. राहायला झोपड्या, प्यायला मिळेल ते पाणी, आणि पटकीची साथ. साथीत, तापात आणि सुरुंगाच्या अपघातांत किती माणसे गेली, त्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत.

१९/ जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजूर पेटून उठले आणि त्यांनी कंत्राटदाराच्या गोऱ्या माणसांवर हल्ला केला. कंत्राटदार फॅविएल यांनी त्याच वर्षी काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजाराने वारले. पुढे त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःच्या नावे चालू ठेवून काम तडीस नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. जे पिंप चढवायला अनेकांचे हात लागत, ते आता वाफेच्या जोरावर काही तासांत पुण्याला जाऊ लागले. बिअरच्या कारखान्यात जे घडले, तेच घाटात घडले: हाताची जागा यंत्राने घेतली.

२०/ ही बिअर हिंदुस्थानातच का बनवू नये? अडचण उष्णतेची होती. यीस्टला गारवा हवा, आणि बर्फाची यंत्रे तेव्हा नव्हती. म्हणून एडवर्ड डायर याने १८५५ मध्ये हिमालयात कसौलीला कारखाना काढला. १८६० मध्ये मरीजवळ घोडा गली येथे दुसरा उभा राहिला. थंड हवा आणि झऱ्याचे पाणी पाहून जागा निवडल्या गेल्या. जे काम तेव्हा हिमालयाची थंडी करी, ते आज खोलीच्या कोपऱ्यातील एक छोटा फ्रीज करतो.

२१/ आता त्या हिशेबाकडे येऊ. घाटाखालच्या कोकणात आणि घाटमाथ्यावरच्या पाड्यांत लोकांची स्वतःची पेये होती: ताडी, माडी, मोहाच्या फुलांची दारू. ती सणासुदीला लागत, देवाला लागत, श्रमानंतर लागत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्य तयार करण्याचा अधिकार परवान्याच्या चौकटीत घातला. ताडाच्या झाडांवर कर बसला आणि दारू ठरावीक भट्ट्यांतूनच घेणे भाग पडले. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आणले. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. बोरघाटाचा पायथा याच भागात येतो. झाड अंगणातले, फुले वाऱ्याने पडलेली, पण ती वेचून घरात ठेवणारा गुन्हेगार.

२२/ विलायतेत काय चालले होते? १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा जुना कर काढून बिअरवर कर बसवला. तो ठरे आंबण्यापूर्वीच्या रसाच्या दाटपणावरून. म्हणजे १७८४ साली कारागिराच्या सोयीसाठी आलेले मोजमाप आता करवसुलीचे हत्यार झाले. घरगुती बिअरलाही परवान्याच्या नियमांत आणले गेले. दोन देश, दोन वर्षांचे अंतर, तर्क तोच: जे मोजता येते त्यावर कर बसवता येतो, आणि जे घराघरांत विखुरलेले आहे ते मोजता येत नाही, म्हणून ते आवळायचे.

२३/ पण ही कथा एकतर्फी सांगणे अन्यायाचे होईल. दारूने उद्ध्वस्त होणारी घरे हेही तितकेच खरे होते. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना विरोध केला. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांवर पिकेटिंग झाले. त्यांचा रोख सरकारवर होता: अबकारीचे उत्पन्न वाढावे म्हणून दुकाने वाढतात, आणि त्याची झळ गरिबाच्या चुलीला लागते. याच विचारधारेतून पुढे १९३९ मध्ये मुंबई शहरात आणि १९४९ च्या कायद्याने सबंध मुंबई राज्यात दारूबंदी आली.

२४/ इकडे हे चालू असता खुद्द पोर्टर मरत होती. लोकांची आवड फिकट बिअरकडे वळली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लंडनच्या कारखान्यांतून ती नाहीशी झाली, आणि १९७० च्या दशकात आयर्लंडच्या गिनेसनेही पोर्टर या नावाची बिअर काढणे थांबवले. 'स्टाउट' ही तिची लेक तेवढी उरली. ज्या पेयाने कारखाना घडवला, त्याला कारखान्यानेच टाकून दिले.

२५/ मग तिला परत कोणी आणले? त्यात मोठा वाटा घरोघरच्या हौशी मंडळींचा. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरील परवाना रद्द केला होता. १९७० च्या दशकात लंडन परिसरातील 'डर्डन पार्क बिअर सर्कल' या हौशी मंडळाने जुन्या कारखान्यांच्या वह्या धुंडाळून, त्यांतील मापे घरच्या पातेल्याच्या बेताची करून, विस्मृतीत गेलेल्या बिअर पुन्हा बनवून पाहिल्या. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी घरगुती बिअरला संघराज्याच्या कायद्याची मुभा देणाऱ्या विधेयकावर सही केली. जुन्या वह्यांतील आकड्यांनी कारागिराचे ज्ञान एकदा त्याच्या हातून काढून घेतले होते. त्याच आकड्यांनी दोनशे वर्षांनी ते घरांना परत दिले.

२६/ महाराष्ट्रातही वारे फिरले. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' ही भारतातील पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू झाली. तिचे नाव नाशिकजवळच्या देवळालीच्या इंग्रजी अपभ्रंशावरून घेतले आहे. त्यानंतर पुणे परिसरात अशी ठिकाणे वाढत गेली. तेथे ताजी बिअर मिळते आणि काही ठिकाणी पोर्टर-स्टाउटच्या जातीची काळी बिअरही. परंतु हा सगळा परवानाधारकांचा कारभार आहे.

२७/ घरचे काय? १९४९ चा दारूबंदी कायदा अनेक सवलती व दुरुस्त्यांसह महाराष्ट्रात आजही लागू आहे, आणि परवान्यावाचून मद्य तयार करणे त्याखाली गुन्हा आहे. 'स्वतःपुरती थोडीशी' ही सबब तेथे चालत नाही. म्हणजे लंडन किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब स्वयंपाकघरातल्या यंत्रावर वीस लिटर पोर्टर उघडपणे करू शकते. तेच यंत्र, तीच पाककृती लोणावळ्याच्या बंगल्यात चालवली तर गुन्हा ठरतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे कायदा मोडण्याचा विचार करू नये. तो असा का झाला, याचा विचार करावा.

२८/ कारण या कायद्यात दोन वेगवेगळे वारसे गुंतलेले आहेत. एक अबकारी खात्याचा: मद्य कोणी करावे हे सरकार ठरवील, म्हणजे महसूल बुडणार नाही. दुसरा फुले-टिळकांपासून आलेला: गरिबाचे घर वाचले पाहिजे. हे दोन्ही हेतू आज एकाच कलमाखाली नांदतात, म्हणून ते एकच असल्याचा भास होतो. ताडी काढणारा, मोह वेचणारा आणि नव्या यंत्रावर पोर्टर करू पाहणारा, हे तिघे कायद्यापुढे सारखेच उभे राहतात. पण शंभर-सव्वाशे वर्षे या कायद्यांची खरी झळ कोणाला लागली, हे मोहाच्या फुलांची गोष्ट आठवली की कळते.

२९/ पुढच्या वेळी बोरघाटातून गाडी वर चढू लागेल तेव्हा खिडकीतून बोगद्यांच्या कडा पाहा. छिन्नी-सुरुंगांच्या त्या कामावर राबलेल्यांची नावे उरली नाहीत. लंडनच्या हमालांचीही उरली नाहीत. त्यांच्या वाट्याला निदान एका बिअरचे नाव तरी आले. आणि लोणावळ्याला उतरल्यावर फलाटावरच्या हमालाच्या दंडाकडे नजर गेली, तर त्या पितळी बिल्ल्यावरचा क्रमांक वाचा. मोजमापाने माणसाला दिलेले तेवढेच काय ते नाव.

धागा समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि घराण्यात ऐकलेल्या घाटाच्या आठवणी खाली जरूर लिहा.